तिमोर-लेस्ते आणि पश्चिम तिमोर: देश कोणता, प्रांत कोणता?

तिमोर हे बेटाचं नाव, देशाचं नाही. या बेटाचा पूर्वेकडचा भाग म्हणजे तिमोर-लेस्ते, राजधानीचं नाव दिली, लोकसंख्या तेरा लाखांच्या पुढे. पश्चिम तिमोर हा देश तर नाहीच, पण वेगळा प्रांतही नाही. इंडोनेशियाच्या ‘नुसा तेंगारा तिमुर’ या प्रांतात तो मोडतो आणि प्रांताची राजधानी कुपांग त्याच भागात आहे.

या प्रांताच्या नावाने भलेभले फसतात. त्यातलं ‘तिमुर’ वाचून पूर्व तिमोर, म्हणजे आजचं तिमोर-लेस्ते, डोळ्यांसमोर येतं, पण मलय आणि इंडोनेशियन भाषेत तिमुर म्हणजे नुसतीच पूर्व दिशा. प्रांतात फ्लोरेस आणि सुंबा ही बेटंही आहेत. बेटाचं ‘तिमोर’ हे नावही याच शब्दावरून पडलं. इंडोनेशियाच्या ताब्यात असताना पूर्व तिमोर हा सत्ताविसावा प्रांत होता, नाव ‘तिमोर तिमुर’, बोलण्यात ‘तिम-तिम’. थोडक्यात ‘पूर्व पूर्व’. पोर्तुगीजमध्ये ‘लेस्ते’ म्हणजेही पूर्वच, त्यामुळे आजच्या नावातही तीच पुनरुक्ती आहे.

बेटाची वाटणी वसाहतवाल्यांची. पूर्व पोर्तुगीजांकडे, पश्चिम डचांकडे. 1859 चा तह आणि 1914 चा हेगचा लवाद यांतून सीमा ठरली. डचांचा वाटा पुढे इंडोनेशियात गेला, पोर्तुगीजांचा 1975 पर्यंत त्यांच्याकडेच राहिला. (1844 पर्यंत तिमोरचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात नसतं.)

आता ‘पूर्व तिमोर’ लिहायचं की ‘तिमोर-लेस्ते’? 2002 मध्ये देशाने नाव बदललं, असा सर्रास समज आहे. तो अर्धाच खरा. 28 नोव्हेंबर 1975 ला तिथल्या फ्रेटिलिन पक्षाने स्वातंत्र्य जाहीर केलं, ते ‘तिमोर-लेस्ते लोकशाही प्रजासत्ताक’ याच नावाने. 7 डिसेंबरला इंडोनेशियाचं सैन्य उतरलं आणि ते नाव चोवीस वर्षं दाबलं गेलं. 30 ऑगस्ट 1999 च्या सार्वमतात 78.5 टक्के लोकांनी इंडोनेशियात राहण्याचा प्रस्ताव फेटाळला. संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनानंतर 20 मे 2002 ला देश उभा राहिला. तिथे त्या दिवसाला स्वातंत्र्याच्या पुनःस्थापनेचा दिवस म्हणतात आणि 28 नोव्हेंबरही पाळतात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये देश संयुक्त राष्ट्रांचा 191वा सदस्य झाला, तोही तिमोर-लेस्ते म्हणूनच. म्हणून माझ्या मते 1999 च्या सार्वमताबद्दल लिहिताना ‘पूर्व तिमोर’ चालेल, पण 2025 मध्ये आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा अकरावा सदस्य झालेल्या देशाला तेच म्हणत राहणं बरोबर नाही. आपण म्यानमारला ब्रह्मदेश म्हणतो ते सवयीने. इथे तर तशी जुनी सवयही नाही.

तिथल्या तेतुम भाषेत ‘तिमोर लोरोसाए’ असंही म्हणतात, म्हणजे सूर्योदयाचं तिमोर. ऐकायला गोड, पण ‘लोरोसाए’ हा शब्द देशाच्या आतल्या पूर्व जिल्ह्यांसाठीही वापरला जातो आणि पश्चिमेकडच्यांना ‘लोरोमोनु’ म्हणतात. 2006 मध्ये भेदभावाची तक्रार करणाऱ्या, मुख्यतः पश्चिमेकडच्या सैनिकांना लष्करातून काढलं तेव्हा याच दोन शब्दांवरून दिलीत घरं जळाली. बाहेरच्याने हा शब्द जपून वापरलेला बरा.

मराठीत राजधानीचं नाव वेगळीच गंमत करतं. ऑगस्ट 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी दिलीला भेट दिली, हे वाक्य मुद्रितशोधकाकडून ‘दिल्लीला’ होऊन आलं तर नवल नाही. ‘दिली या राजधानीच्या शहराला’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

राहता राहिला ओएकुसी. हा जिल्हा तिमोर-लेस्तेचा, पण आहे पश्चिम तिमोरच्या किनाऱ्यावर: तीन बाजूंना इंडोनेशिया, उत्तरेला समुद्र. पोर्तुगीजांचं जुनं ठाणं लिफाऊ इथलंच. 1769 मध्ये ते दिलीला हललं, पण हा तुकडा त्यांच्याकडेच राहिला. ‘बेटाचा पूर्व भाग म्हणजे देश’ एवढंच लिहिलं, तर हा अख्खा जिल्हा व्याख्येतून सुटतो.