अकरा हजार खंड, उरले चारशे

१४०३ साली मिंग घराण्याच्या योंगल सम्राटाने हुकूम सोडला: चीनमध्ये आजवर जे जे लिहिलं गेलं, ते एका ग्रंथात आणा. १४०४ मध्ये पहिला मसुदा तयार झाला, पण सम्राटाला तो तोकडा वाटला. मग दोन हजारांवर विद्वान नानजिंगला कामाला जुंपले गेले आणि १४०८ मध्ये ‘योंगल दादियान’ पुरा झाला. ११,०९५ खंड, सुमारे ३७ कोटी चिन्हं!

याला ज्ञानकोश म्हणतात, पण त्यात नव्याने लिहिलेलं फार थोडं. यमकांच्या क्रमाने शब्द लावायचे आणि त्या त्या शब्दाखाली जुन्या ग्रंथांतले उतारे, कधी आख्खा ग्रंथच, उतरवून काढायचा, अशी पद्धत. हा कोश छापला मात्र कधीच गेला नाही. १५५७ मध्ये राजवाड्याला आग लागली, त्यातून तो थोडक्यात बचावला. तेव्हा धसका घेतलेल्या ज्याजिंग सम्राटाने १५६२ मध्ये दुसरी प्रत करायला घेतली. १०९ लेखनिक, प्रत्येकी दिवसाला तीन पानं. काम १५६७ पर्यंत चाललं. पुढे मूळ प्रत नाहीशी झाली आणि उरली ती ही नक्कल.

अठराव्या शतकात दाय झन या पंडिताने तिच्यातून गणिताचे प्राचीन ग्रंथ अक्षरशः वेचून काढले. ‘नऊ अध्याय’ हा चिनी गणिताचा पायाभूत ग्रंथ त्यांतलाच.

१९०० च्या बॉक्सर बंडात (परकीयांविरुद्धच्या उठावात) बीजिंगची हानलिन अकादमी, म्हणजे ही नक्कल जिथे ठेवली होती ती विद्वानांची सरकारी संस्था, जळाली आणि कोश संपला, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते अर्धसत्य वाटतं. १८७५ मध्येच पाच हजारांहून कमी खंड शिल्लक होते, १८९४ मध्ये जेमतेम आठशे. बाकीचे आगीने नाही, माणसांनी नेले. खुद्द अकादमीतले अधिकारीही त्यात होते.

आज जगभर विखुरलेले चारशेच्या आसपास खंड उरलेत. केंब्रिजमधल्या एका खंडात संख्यांचा तो प्रसिद्ध त्रिकोण आहे (प्रत्येक संख्या म्हणजे वरच्या दोन संख्यांची बेरीज), ज्याला आपण पास्कलचा म्हणतो. आकृतीखालच्या टिपेत तिचं श्रेय ‘ज्या श्यान’ या अकराव्या शतकातल्या गणितज्ञाला दिलंय. (आपल्याकडे हलायुधाने दहाव्या शतकातच तो ‘मेरुप्रस्तार’ म्हणून मांडला होता.) २०२० मध्ये पॅरिसच्या एका लिलावात दोन खंड आले. अंदाज काही हजार युरोंचा होता, विक्री झाली ऐंशी लाखांच्या घरात.