उसण भरली की शीर दबली?

निपाणीच्या माझ्या वहिनी विड्या वळतात. मांडीवर सूप, मान खाली, दोन्ही हातांची बोटं अखंड चालू. मजुरी हजार विड्यांमागे, त्यामुळे उठणं म्हणजे विड्या कमी होणं. बचत संघाच्या हप्त्याचा दिवस जवळ आला की त्यांची मान धरायची. मानेपासून खवाट्यापर्यंतचा भाग दाबून बघितला तर लाकडासारखा लागायचा. गल्लीतल्या बायकांचं निदान ठरलेलं होतं, "शीर दबलीया, फोटो काढून घे."

त्याच सुमारास बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्या मामांचं दुखणं सुरू झालं. साच्याची जड पेटी उचलताना कमरेत कळ आली आणि दोन दिवसांत ती ढुंगणातून मांडीच्या, पोटरीच्या मागून थेट करंगळीपर्यंत उतरली. "पायात वीज गेल्यागत होऊलालंय," असं ते म्हणायचे. घरचे म्हणाले, मुलीचं लग्न तोंडावर आहे, टेन्शन घेतलंय, दुसरं काही नाही.

दोन्ही घरांत नावं उलटी पडली होती. वहिनींचं दुखणं ताणाचं होतं आणि मामांची शीर खरोखरच दबली होती.

गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. आपल्याकडे रक्तवाहिनीलाही शीर म्हणतात, मज्जातंतूलाही शीर आणि आखडलेल्या स्नायूलाही शीरच. दबते ती मज्जातंतूची मुळी. पाठीच्या कण्यातून अशा ३१ जोड्या बाहेर पडतात आणि प्रत्येकीचा इलाका ठरलेला असतो. दोन मण्यांमधली गादी फाटून तिचा भाग मुळीवर टेकतो, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ साली मांडलं. म्हणून दबलेल्या शिरेचं दुखणं वाट सोडत नाही. कुठून निघालं आणि कुठवर गेलं, हे रोगी बोटाने रेघ ओढून दाखवतो. मामांनी तशीच रेघ ओढली होती. वहिनींनी मात्र अख्खा तळहात मानेवर ठेवला होता.

ताणाचं काम वेगळ्या रस्त्याने चालतं. हप्ता, भांडण, मुलाचा निकाल, काहीही असो, मेंदूला धोका वाटला की तो शरीराला लढायला किंवा पळायला तयार करतो. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात, काळीज धडधडतं, श्वास वर छातीत येतो, खांदे कानांकडे सरकतात, दात आवळले जातात. धोका टळला की हे सगळं सैल व्हायला हवं. पण हप्ता दर आठवड्याला असतो, मग सैल होणार कधी? त्यात तासन्‌तास एकाच बैठकीत मान वाकलेली, रात्री झोप तुटलेली. अशा मज्जासंस्थेला दुखणं नेहमीपेक्षा मोठं ऐकू येतं, कमी झोपेनंतर तर फारच. म्हणून "मनाचं आहे" म्हणून वहिनींना गप्प बसवणं मला अजिबात पटत नाही. त्यांचा खांदा खरा आखडलेला होता आणि दुखणंही खरंच होतं. फक्त मणी जागचा हलला नव्हता. नुसत्या काळजीने गादी सरकत नाही.

आता अवघड भाग. दोन्ही एकत्रही असू शकतात. शीर दबलेल्या माणसाला काळजी लागली की तेच दुखणं दुपटीने जाणवतं, शिवाय कमरेचे स्नायू बचावासाठी आवळून बसतात. आणि उलटं म्हणजे, एमआरआयमध्ये गादी थोडी फुगलेली दिसली म्हणून दुखणं तिचंच असेल असं नाही. काहीच दुखत नसलेल्या कितीतरी लोकांच्या फोटोत तसं दिसतं. म्हणून चांगला डॉक्टर फोटोआधी पाय बघतो. उताणं झोपवून पाय सरळ वर उचलतो, अंगठा वर ओढायला लावतो, टाचांवर आणि चवड्यांवर चालवतो, घोट्यामागे हातोडी मारतो. मामांना डाव्या चवड्यावर उभंच राहता येईना. ताणाने पाय थकेल, पण एकाच पायाच्या एकाच हालचालीतला जोर असा जात नाही.

आपल्या भागात अजून एक अडचण असते. दवाखान्यात समोरचे डॉक्टर कन्नड बोलणारे असले की आपली माणसं "नोवु" म्हणजे दुखतंय एवढं सांगून थांबतात. मुंग्या आणि बधिरपणा राहूनच जातो. त्यासाठी "जोमु" हा शब्द लक्षात ठेवा. कुठल्या बोटाला जोमु आहे हे सांगितलं की अर्धी तपासणी तिथेच होते.

उसण भरली की पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेल्या, माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायची आपली जुनी रीत आहे. उसण बहुतेकदा काही दिवसांत आपोआपच उतरते, त्यामुळे गुण आल्यासारखा वाटतो. हलका पाय लावला तर बिघडत नाही. पण पायात कळ उतरत असेल, तर पाठीवर लाथ नको आणि मणी बसवून देणाराही नको. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, संडासच्या जागेभोवती बधिर झालं, पाऊल लुळं पडलं, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्या. तिथे तासांचा प्रश्न असतो. ताप, पडल्यानंतरचं दुखणं किंवा उगाच घटणारं वजन सोबत असेल, तरीही घरी थांबू नये.

वहिनींना फोटो लागलाच नाही. सुपाखाली उशी घेतल्याने मान कमी वाकू लागली, दर अर्ध्या तासाला पाणी प्यायला उठायचं ठरलं, रात्री शेकायला गरम पाण्याची पिशवी आणि झोपताना सावकाश, लांब सोडलेले श्वास. लांब उच्छ्वासाने काळजाचे ठोके मंदावतात आणि खांदे उतरतात. हप्ता आहे तिथेच आहे, त्यामुळे मान अजूनही मधूनच धरते, पण आता त्या तिला घाबरत नाहीत.

मामांना ऑपरेशन करावं लागलं नाही. गादीचं असं दुखणं बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरतं. पेटी उचलणं बंद, औषधं, अंथरुणात पडून न राहता थोडं थोडं चालणं, मग व्यायाम. तिसऱ्या महिन्यात फळीवरचा चहाचा डबा काढायला ते दोन्ही चवड्यांवर उंच झाले. मामींनी ते आधी पाहिलं, मामांच्या लक्षातही आलं नव्हतं.