सपाट पाण्याखालची घळ

शहादा-दोंडाईचाकडचा माणूस पहिल्यांदा होडीतून समुद्रात गळ टाकायला जातो, तेव्हा किनारा मागे पडला की त्याला चारही दिशांना एकसारखं पाणी दिसतं. थांबायचं कुठे? मालवणच्या पुढे पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही असाच गोंधळलो होतो. खरं तर याचं उत्तर मला आमच्या तापीवर आधीच मिळालं होतं.

सारंगखेड्याच्या बॅरेजमागे नदी फुगली की नुसता आरसा दिसतो. तिथल्या एका भोईदादांच्या होडीत बसून मी मधोमध गळ टाकायला निघालो, तर ते म्हणाले, "तठे काहीच नही शे. आठे टाक." पाणी अडण्याआधी त्या ठिकाणी एका नाल्याची घळ नदीला मिळत होती. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत पावसाने कोरलेल्या अशा कितीतरी घळी आज पाण्याखाली आहेत, पण दादांना त्या तोंडपाठ आहेत. त्या घळीच्या तोंडाशी आम्हाला शिंगाळा लागला.

शेतात तितर, ससा कुठे सापडतो? मोकळ्या रानापेक्षा बांधाच्या कडेला. पाण्यातही तसंच असतं. खोली बदलते, वाळू संपून खडक लागतो, गढूळ पाणी निवळाला भिडतं, अशा प्रत्येक ठिकाणी एक बांध असतो आणि मासा त्याच्या आसऱ्याने राहतो.

यामागचं कारण अन्नाचं आहे. समुद्रात वरून मेलेलं सगळं खाली बसतं, म्हणून पोषक क्षार खोल, थंड पाण्यात साठतात. सूर्यप्रकाश मात्र वरच्या थरातच असतो. दोन्ही एकत्र आले तरच वनस्पती-प्लवक, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं हिरवं पीक, जोमाने वाढतं. तळावरच्या उंचवट्याला प्रवाह धडकला की खालचं पाणी वर चढतं. त्या पिकावर तारली आणि बांगडा येतात, त्यांच्यामागे सुरमई येते. शिवाय खडकाच्या आडोशाला प्रवाह मंदावतो. तिथे गोबरा, तांबोसा फारशी ताकद न खर्चता थांबतात आणि प्रवाहच त्यांना घास आणून देतो.

मुंबईसमोर भूखंडमंच, म्हणजे समुद्राचा उथळ तळ, सुमारे ३०० किलोमीटर आत पसरला आहे. त्याची कडा गाठणं छोट्या होडीचं काम नाही. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँक हा बुडालेला उंचवटा आहे, तोही नवख्याच्या आवाक्याबाहेरचा. पण तळ इतका सपाट असल्यामुळेच जवळच्या लहानशा खडपालाही, म्हणजे पाण्याखालच्या खडकाळ जागेलाही, मोठी किंमत येते. अशी खडपं सागरी नकाशात सापडतात. आपल्या देशाचे हे नकाशे डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय तयार करतं. त्यावरचे आकडे खोली सांगतात आणि समखोली रेषा दाटल्या की तिथे उतार आहे असं समजायचं. सातपुड्याचा उंचसखल नकाशा ज्याने पाहिला आहे, त्याला हे नव्याने शिकावं लागत नाही. मालवणजवळच्या सागरी अभयारण्याची हद्द मात्र नकाशावर आधी आखून घ्या आणि ती पाळा.

होडीवर फिशफाइंडर असेल तर तो आवाजाने तळ मोजतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. तो सेकंदाच्या पंचविसाव्या भागात परतला तर तळ ३० मीटरवर. माशाच्या पोटातली हवेची पिशवी आवाज जोरात परतवते, म्हणून पडद्यावर मासा उमटतो. पण सुरमईला ही पिशवी नसतेच! तिची खूण फिकी येते. म्हणून पडदा कोरा दिसला की लगेच जागा सोडू नये. तिच्या भक्ष्याचा ढग दिसतो का, ते मी आधी पाहतो.

तापमानाचे बांध तर उपग्रहातून दिसतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्याचा रंग पाहून संभाव्य मासेमारी क्षेत्र सांगते. बंदरापासूनची दिशा, अंतर आणि खोली मराठीतही मिळते. ढग दाटले की उपग्रहाला तापमान नीट दिसत नाही. त्या दिवशी डोळे वापरा. फेस आणि काडीकचरा एका रेषेत जमला असेल तर तिथे दोन प्रवाह भेटतात. सुरय पक्षी एकाच ठिकाणी सूर मारत असतील तर खालून कुणीतरी लहान मासे वर रेटतंय.

वेळही जागेइतकीच महत्त्वाची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ इतकी असते की गळाला बांधलेलं शिसं तळाला टिकत नाही. अष्टमीच्या भांगात, म्हणजे भरती-ओहोटी सर्वांत कमी असते तेव्हा, पाणी सुस्तावतं. नवख्याने या दोन्हींच्या मधले दिवस धरावेत, असं मला वाटतं. खडपाच्या वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूला, होडी न्यायची आणि तिथून वाहू द्यायची. नंदुरबारहून सुरत जवळ आहे, तापीही तिकडेच जाते, पण खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक १० मीटरच्या आसपास जातो. तिथे शिकायला जाऊ नका. कुठेही गेलात तरी लाइफ जॅकेट अंगात हवं, लाटांचा अंदाज पाहिलेला हवा आणि सोबत तिथला तांडेल, म्हणजे होडीचा नाखवा, हवा.

तोवर आपल्या नदीवर सराव होतो. मीटरामीटरावर गाठी मारलेली दोरी घ्या. तिच्या टोकाला खालून खळगा असलेलं शिसं बांधा आणि खळग्यात ओला साबण दाबून भरा. पूर्वीचे खलाशी तिथे चरबी भरत. शिसं तळाला टेकलं की गाठी मोजा, मग ओढून साबण पाहा. त्याला वाळू चिकटलेली असेल, चिखल असेल, किंवा काहीच न चिकटता नुसता ओरखडा उठलेला असेल. ओरखडा उठला तर खाली दगड आहे. तिथे होडी थांबवा.