सोलापुरात कंपनीच्या आवारात पवनचक्की: आधी कोणता अर्ज, कोणती कागदपत्रं

कारखाना अक्कलकोट रोडवरचा असो की चिंचोळी एमआयडीसीतला, आषाढातला वारा शेडचे पत्रे वाजवायला लागला की मालकाच्या डोक्यात पवनचक्की फिरायला लागते. मग कोटेशन येतं, ॲडव्हान्स जातो आणि परवानगीची आठवण त्यानंतर होते. सोलापुरात हे महागात पडू शकतं, कारण इथे पहिला कागद विमानतळाचा लागतो.

सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी आठवा. होटगी रोडच्या धावपट्टीच्या आड येते म्हणून वर्षानुवर्षं वाद चालला आणि १५ जून २०२३ला ती पाडली. आता तिथून विमानं उडतात. म्हणून मनोऱ्याचा पाया खोदण्याआधी भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा उंचीचा ना हरकत दाखला बघायचा. अर्ज त्यांच्या ‘नोकास’ पोर्टलवर ऑनलाइन होतो. जागेचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस-८४ (जीपीएस वापरतं त्या) पद्धतीत आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लागते. दोन्ही जाणत्या सर्व्हेअरकडूनच मोजून घ्या. मनोऱ्याची उंची लिहून थांबू नका. पातं सरळ वर उभं असताना त्याचं टोक जिथे पोचतं, ती उंची धरायची.

दुसरा हिशेब अंतराचा. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१६च्या मार्गदर्शक तत्त्वांत सूत्र सोपं आहे: हबची (पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या भागाची) उंची, अधिक पाती फिरतात त्या वर्तुळाचा अर्धा व्यास, अधिक ५ मीटर. रस्ता, रेल्वे, इमारत, उच्चदाब वाहिनी यांच्यापासून किमान एवढं लांब. ३० मीटरचा मनोरा आणि १० मीटर व्यास असेल तर ४० मीटर. १०० मीटरचा मनोरा आणि १२० मीटर व्यास धरला तर १६५ मीटर, शिवाय आवाजामुळे राहत्या घरांपासून ५०० मीटर. ही तत्त्वं मोठ्या प्रकल्पांसाठी आहेत, पण छोट्या चक्कीलाही मी हेच माप लावतो. पाच-सहा एकरांच्या आवारात मोठी चक्की का बसत नाही, हे इथेच कळतं.

आणि वारा? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ऊर्जा आठपट होते. वेग १० टक्क्यांनी घटला तर ऊर्जा २७ टक्क्यांनी घटते. पावसाळ्यातला जोर ऑक्टोबर-नोव्हेंबरात राहत नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे नकाशे १२० किंवा १५० मीटरवरचे असतात, तुमच्या २० मीटरच्या खांबाला त्यांचा उपयोग कमी. ठरलेल्या उंचीवर वर्षभर वारामापक लावा. गच्चीवर तर बसवूच नका असं माझं मत. कठड्यामुळे वारा भोवऱ्यासारखा फिरतो आणि थरथर स्लॅबला लागते.

पात्रतेचं थोडक्यात. वीज कायदा २००३ प्रमाणे निर्मितीला परवाना लागत नाही. पण वीज महावितरणच्या जाळ्याला जोडायची तर राज्य वीज नियामक आयोगाचे २०१९चे नियम लागू होतात. क्षमता तुमच्या कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या (करारात ठरलेल्या कमाल वीजमागणीच्या) किंवा मंजूर भाराच्या आत हवी. थकबाकी किंवा मीटरच्या नावाचा घोळ असेल तर तो आधी मिटवा.

बिलात खरा फरक हवा असेल, तर आवाराचा हट्ट सोडून ओपन ॲक्सेसने, म्हणजे दुसऱ्यांच्या वीजवाहिन्या वापरून, लांबच्या चक्कीची वीज आणता येते. ग्रुप कॅप्टिव्ह (अनेकांनी मिळून स्वतःच्या वापरासाठी उभारलेला प्रकल्प) म्हणवून घ्यायला वीज घेणाऱ्यांचा किमान २६ टक्के मालकी हिस्सा आणि वर्षाच्या निर्मितीपैकी किमान ५१ टक्के वापर लागतो. साताऱ्याच्या पठारावरचा वारा आपल्या कंपाउंडपेक्षा चांगलाच.

आवारातच उभारायचं ठरलं, तर फाइलमध्ये हे जमवा: अलीकडची वीजबिलं, सातबारा किंवा मिळकतपत्रिका (एमआयडीसीत असाल तर भाडेपट्टा करार), जागा भाड्याची असल्यास मालकाचं संमतिपत्र, कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र व पॅन, संचालक मंडळाचा ठराव आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र. तांत्रिक बाजूला सिंगल लाइन डायग्राम (वीजजोडणीचा साधा रेखाटलेला आराखडा), चक्की व इन्व्हर्टरची चाचणी प्रमाणपत्रं, माती परीक्षण आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला. ठरावातलं, बिलावरचं आणि पॅनवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवून पाहा, ‘प्रा. लि.’ एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरही फाइल परत येते.

बांधकामाची परवानगी जागेप्रमाणे बदलते. एमआयडीसीत त्यांच्याच नियोजन विभागाकडे, शहर हद्दीत महापालिकेकडे. प्रदूषणाच्या वर्गवारीत पवन ऊर्जा ‘पांढऱ्या’ गटात येते, म्हणून संमतिपत्र लागत नाही, प्रदूषण मंडळाला लेखी कळवावं लागतं. आवाज मात्र मर्यादेतच हवा: औद्योगिक भागात दिवसा ७५, रात्री ७० डेसिबल. शेजारी वस्ती असेल तर ५५ आणि ४५.

जागा नान्नजच्या बाजूला असेल तर थांबा. माळढोक अभयारण्याची हद्द किती जवळ आहे, हे वन विभागाकडून लेखी घ्या. माळढोकाला समोरची तार चटकन दिसत नाही, म्हणून पात्यांइतकीच तुमची ओव्हरहेड लाइनही तिथे प्रश्न होते. भूमिगत केबलचा पर्याय अर्जातच दाखवलेला बरा.

उभारणी झाल्यावर परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल घेऊन विद्युत निरीक्षकाकडे जायचं, मग महावितरणशी जोडणी करार आणि आयात-निर्यात, म्हणजे जाळ्यातून घेतलेली आणि जाळ्यात दिलेली वीज, मोजणारा मीटर. मीटर बदलतानाचे दोन्ही आकडे फोटोसह जपून ठेवा आणि पहिल्या बिलावर निर्यात युनिटचा रकाना कोरा नाही ना, ते त्याच दिवशी पाहा.