टूर्मलीन आणि तुरुंगातील क्वीअर (समलिंगी, पारलिंगी इ.) माणसे

टूर्मलीन : (१९८३ – ). अमेरिकेतील कृष्णवर्णीय पारलिंगी चित्रपटकार, लेखिका व कार्यकर्त्या. जन्म बॉस्टनच्या रॉक्सबरी भागातला, कर्मभूमी न्यूयॉर्क. कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच त्या न्यूयॉर्कमधल्या रायकर्स बेटावरच्या तुरुंगात कैद्यांना सर्जनशील लेखन शिकवत. पुढे पारलिंगी लोकांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या ‘सिल्व्हिया रिव्हेरा लॉ प्रोजेक्ट’ या संस्थेत त्यांनी सभासद बांधणीचे काम केले. २००२ साली सुरू झालेल्या या संस्थेचा मोठा आधार म्हणजे पत्रव्यवहार. तुरुंगात असलेली माणसे पत्रांतून सल्ला देतात आणि संस्थेचे धोरण ठरवण्यात भाग घेतात.

या पत्रांची परंपरा जुनी आहे. २४ जून १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअरमधल्या प्राइड (समलिंगी-पारलिंगी हक्कांच्या) मेळाव्यात पारलिंगी कार्यकर्त्या सिल्व्हिया रिव्हेरा (वरच्या संस्थेला त्यांचेच नाव आहे) मंचावर चढल्या, तेव्हा समोरून हुर्यो झाली. तुरुंगातले आपले भाऊबहीण मला दर आठवड्याला पत्र लिहून मदत मागतात आणि तुम्ही काहीच करत नाही, हे त्यांनी त्या गदारोळातच ठणकावून सांगितले. या भाषणाची जुनी ध्वनिचित्रफीत शोधून टूर्मलीन यांनी ती इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली. आज हे भाषण जगभर ऐकले जाते. ते मुळात कैद्यांविषयी होते, याचा मात्र पुष्कळांना विसर पडतो, आणि ही गोष्ट खटकते.

टूर्मलीन तुरुंग-निर्मूलनवादी आहेत. तुरुंग सुधारावेत एवढ्यावर न थांबता, त्यांची गरजच उरू नये अशी समाजरचना हवी, असे ही भूमिका मानते. वकील डीन स्पेड यांच्यासोबत २०१४ मध्ये केलेल्या ‘नो वन इज डिस्पोजेबल’ या संवादमालिकेत त्यांनी ती साध्या बोलीत मांडली. भूमिका टोकाची वाटते खरी, पण लेलीन पोलांको यांची हकिकत तिच्याशेजारी ठेवून पाहावी. अवघ्या ५०० डॉलरच्या जामिनासाठी रायकर्सवर अडकलेली ही पारलिंगी तरुणी ७ जून २०१९ रोजी एकांत कोठडीत अपस्माराच्या झटक्याने मरण पावली. पारलिंगी कैद्यांच्या सुरक्षिततेचे कारण सांगून त्यांना इतरांपासून तोडणे, ही तिथली नेहमीचीच तक्रार आहे. भारतात केंद्रीय गृहमंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये राज्यांना पारलिंगी कैद्यांसाठी स्वतंत्र व्यवस्था करण्यास सुचवले, तेव्हा त्यांना पूर्ण एकटे पाडू नये असेही बजावले. धोका दोन्हीकडे सारखाच आहे.

टूर्मलीन यांच्या कलेचा कळस म्हणजे ‘सलेशिया’ (२०१९) हा काही मिनिटांचा चित्रपट. नायिका मेरी जोन्स खरी होती. १८३६ मध्ये एका गोऱ्या गिऱ्हाइकाचे पाकीट चोरल्यावरून ही कृष्णवर्णीय व्यक्ती न्यूयॉर्कच्या न्यायालयात उभी राहिली, तीही बाईच्या पोशाखात. मागे बसलेल्या कुणीतरी तिचा केसांचा टोप ओढून काढला आणि सारे न्यायालय हसले. हा वेश का, असे विचारल्यावर तिने दिलेले उत्तर कागदावर उरले आहे : ज्या बायकांकडे मी कामाला होते त्या म्हणाल्या, यात तू जास्त छान दिसतेस, माझ्या लोकांच्या समारंभांना मी नेहमी असाच पोशाख करून जाते. शिक्षा झाली पाच वर्षांची. बाजारात तिचे चित्र ‘मॅन-मॉन्स्टर’ म्हणजे ‘नर-राक्षस’ या मथळ्याने विकले गेले. (आपल्याकडे १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याची आठवण होते ती भटक्या जमातींमुळे, पण त्याच्या दुसऱ्या भागाने स्त्रीवेशात रस्त्यावर दिसणाऱ्या हिजड्यांना वॉरंटविना पकडण्याची मुभा पोलिसांना दिली होती.)

टूर्मलीन यांनी मेरीला त्या चित्रातून बाहेर काढले. खरी मेरी ग्रीन स्ट्रीटवर राहत असे. चित्रपटात ती सेनेका व्हिलेजमध्ये भेटते. कृष्णवर्णीयांची ही वस्ती १८५७ मध्ये सेंट्रल पार्कसाठी उठवण्यात आली. मध्येच हडसन नदीकाठी राहणाऱ्या सिल्व्हिया रिव्हेरा यांचे जुने चित्रण येते. त्याच नदीच्या काठाने वर गेले की सिंग सिंग तुरुंग लागतो. मेरीला तिथेच पाठवले होते.