युलिमिटपासून सी-ग्रुपपर्यंत: प्रोसेसच्या मेमरीला लगाम कसा बसला

सर्व्हरवर एखादी प्रोसेस रॅम गिळत सुटली की अनेकांचा हात आधी युलिमिट या मर्यादा घालणाऱ्या आज्ञेकडे जातो. ही आज्ञा नेमके काय मोजते, हे मात्र तिचा इतिहास पाहिल्याशिवाय उलगडत नाही.

पीडीपी-११ या जुन्या संगणकावरच्या युनिक्स प्रणालीला मेमरीच्या वेगळ्या मर्यादेची फारशी गरज नव्हती. पत्ताच १६ बिटांचा, म्हणून एका प्रोसेसला ६४ किलोबाइट. सूचना आणि डेटा वेगळे ठेवणाऱ्या मॉडेलांवर त्याच्या दुप्पट. यंत्रच कुंपण घालून देई. १९७९ मध्ये युनिक्सच्या थ्री-बीएसडी या बर्कली आवृत्तीने व्हॅक्स संगणकावर व्हर्च्युअल मेमरी, म्हणजे रॅमहून मोठी भासणारी मेमरी, आणली आणि ते कुंपण खूप दूर गेले. मग १९८३ च्या ४.२ बीएसडीत प्रोसेसवर मर्यादा घालणारे सेटआरलिमिट आले. सॉफ्ट म्हणजे सध्या लागू असलेली मर्यादा प्रोसेसने स्वतः हार्ड म्हणजे कमाल मर्यादेपर्यंत वाढवावी, हार्ड मर्यादा फक्त रूटने, म्हणजे प्रशासकाने, वाढवावी, आणि तिने सुरू केलेल्या मुलांना, म्हणजे उपप्रोसेसना, ती वारशाने मिळावी, ही रचना आजही टिकून आहे. याच मर्यादा लावणाऱ्या आज्ञेचे युलिमिट हे नाव मात्र एटी अँड टीच्या युनिक्सकडचे. तिथे ते मुळात फाइलच्या आकारापुरते होते.

खरी गफलत मोजमापात आहे. युलिमिटचा व्ही पर्याय राखून ठेवलेली पत्त्यांची जागा मोजतो, वापरलेली रॅम नव्हे. जावासारखे प्रोग्रॅम प्रचंड जागा आधीच राखतात, त्यामुळे रॅम मोकळी असूनही ते कोसळतात. वापरलेल्या रॅमसाठी असलेला एम पर्याय आकडा निमूट स्वीकारतो, परत दाखवतोही. आजचा लिनक्स कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, तो पाळतच नाही. मला हे फार धोकादायक वाटते, कारण मर्यादा लागल्याची खात्री होते आणि ती लागलेली नसते.

शिवाय ही मर्यादा एकेका प्रोसेसची. पन्नास मुले जन्माला घालणाऱ्या सेवेला ती कशी आवरणार? २००६ मध्ये गुगलच्या अभियंत्यांनी प्रोसेसच्या गटावर मर्यादा घालण्याचे काम हाती घेतले. तेच सी-ग्रुप या नावाने जानेवारी २००८ मध्ये लिनक्स २.६.२४ मध्ये दाखल झाले. मेमरीचा नियंत्रक पुढच्याच आवृत्तीत. २०१६ च्या ४.५ मध्ये दुसरी पिढी अधिकृत झाली. तिच्यात मेमरी-हाय ही पहिली मर्यादा ओलांडली की गटाचा वेग कमी करून मेमरीची पाने (तुकडे) परत घेतली जातात. मेमरी-मॅक्स या अंतिम मर्यादेला टेकूनही जागा निघाली नाही, तर गटातलीच प्रोसेस मारली जाते.

चालू प्रोसेसची जुनी, म्हणजे युलिमिटची, मर्यादा बाहेरून बदलायची सोय लिनक्समध्ये २०१० साली पीआरलिमिटने झाली. ती मर्यादा प्रॉक या प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधल्या लिमिट्स फाइलमध्ये दिसते. सी-ग्रुपची तिथे दिसत नाही. ती गटाच्या स्वतःच्या फाइलमध्येच वाचावी लागते.