जोखमीच्या गरोदरपणातील गर्भनिरीक्षण व मातेची चिंता

उच्च रक्तदाब, मधुमेह, जुळी, वार खाली असणे, बाळाची वाढ खुंटणे, आधीचे मूल पोटातच दगावलेले असणे अशा कारणांनी गरोदरपण जोखमीचे ठरते. अशा वेळी बाळाचे ठोके, हालचाल व रक्तप्रवाह पुन्हापुन्हा तपासला जातो. ह्या तपासणीला गर्भनिरीक्षण म्हणतात. तपासणीच्या आधी, तपासणी चालू असताना आणि रिपोर्ट हाती आल्यावर स्त्रीला वाटणारी चिंता, आणि ती ओळखून तपासणी कशी करावी, हा ह्या नोंदीचा विषय आहे. संदर्भ मुख्यतः पुणे शहर व जिल्ह्याचा घेतला आहे. ही चिंता केवळ स्त्रीच्या स्वभावातून येत नाही. तपासण्यांच्या मर्यादा आणि त्या करण्याची रीत ह्यांचाही तिच्यात मोठा वाटा असतो.

पूर्वपीठिका

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, मूढगर्भनिदान ह्या अध्यायात, गर्भ पोटात मृत झाल्याची लक्षणे दिली आहेत. त्यांत स्पंदन थांबणे हे पहिले लक्षण होय. संहितेचे आजचे रूप अनेक संस्करणांतून सिद्ध झाले असल्याने ह्या श्लोकाचा काळ नेमका ठरवता येत नाही. ‘स्पंदन’ म्हणजे येथे आईला जाणवणारी हालचाल असा अर्थ घेणे अधिक सयुक्तिक वाटते. हृदयाचे ठोके ऐकण्याची रीत त्या श्लोकात सांगितलेली नाही.

बाळाचे ठोके प्रथम कोणी ऐकले हा प्रश्न वादाचा आहे. सतराव्या शतकातील मार्साक ह्या फ्रेंच वैद्याला काही जण हा मान देतात. परंतु त्याचे स्वतःचे लेखन पुढे येत नाही. त्याच्या एका समकालीनाने पद्यात केलेला उल्लेख एवढाच आधार दाखवला जातो आणि त्याचा सूरही थट्टेचा आहे. जिनीव्हाचा शल्यवैद्य फ्रान्स्वा मायर ह्याचा दावा जास्त भक्कम आहे. पूर्ण दिवसांच्या स्त्रीच्या पोटाला कान लावल्यास मूल जिवंत आहे की नाही हे ठोक्यांवरून कळते, असे त्याचे निरीक्षण १८१८ मध्ये छापले गेले. मात्र त्याने ते पुढे नेले नाही. पॅरिसचा झाक-अलेक्झांद्र लेज्यूमो द केरगारादेक ह्याने लायनेकने शोधलेल्या स्टेथॉस्कोपने पोट तपासले. गर्भजलात बाळ हलल्याचा आवाज ऐकू येतो का, हे तो पाहत होता. त्याऐवजी मिनिटाला १४३ ते १४८ अशा वेगाचे दुहेरी ठोके त्याला ऐकू आले. त्याचा निबंध १८२१ च्या अखेरीस वैद्यक अकादमीपुढे वाचला गेला व पुढील वर्षी प्रसिद्ध झाला. ठोक्यांच्या जोरातील व वेगातील फरकांवरून बाळाच्या प्रकृतीचा अंदाज करता येणार नाही का, असा प्रश्न त्याने त्यात उपस्थित केला. म्हणून ठोके ऐकल्याचे श्रेय मायरला द्यावे आणि गर्भनिरीक्षणाच्या कल्पनेचे केरगारादेकला, हे मत ग्राह्य वाटते.

डब्लिनच्या एव्हरी केनेडीचा ह्या विषयावरील ग्रंथ १८३३ चा. जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्स फोन विंकेल ह्याने १८९३ मध्ये ठोक्यांच्या धोक्याच्या मर्यादा ठरवल्या. आडॉल्फ पिनारची लाकडी नळी साधारण १८९५ च्या सुमाराची मानतात. येल विद्यापीठातील एडवर्ड हॉन ह्याने १९५८ मध्ये ठोक्यांचे अखंड विद्युत् आलेखन मांडले. उरुग्वायमध्ये कालदेइरो-बार्सिया आणि जर्मनीत हामाखर ह्यांचे काम त्याच सुमारास चालू होते. विक्रीस आलेले पहिले यंत्र १९६८ चे. त्याच वर्षी अमेरिकेत सुमारे २५,००० बाळंतपणांची पाहणी प्रसिद्ध झाली. केवळ कानाने ऐकलेल्या ठोक्यांवरून, टोकाची परिस्थिती सोडली तर, बाळ अडचणीत आहे हे खात्रीने सांगता येत नाही, असे तिच्यात दिसले. यंत्राचा प्रसार झपाट्याने झाला. त्याची तुलनात्मक चाचणी मात्र १९७६ पासून सुरू झाली, आणि तोपर्यंत ‘पट्टा लावणे’, म्हणजे पोटाला पट्टा बांधून यंत्राने ठोक्यांचा आलेख घेणे, हा अनेक देशांत नेम होऊन बसला होता.

तपासण्या आणि त्यांची मर्यादा

पुण्यात नेहमी केली जाणारी तपासणी म्हणजे एनएसटी (नॉन-स्ट्रेस टेस्ट), म्हणजे कळा सुरू नसताना घेतलेला बाळाच्या ठोक्यांचा आलेख. ३२ आठवड्यांनंतर २० मिनिटांत निदान दोनदा ठोके मिनिटाला १५ ने वाढून १५ सेकंद टिकले, तर आलेख ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे चांगला मानतात. मूळ ठोके मिनिटाला ११० ते १६० असावे लागतात. बाळ पोटात २० ते ४० मिनिटे झोपते, म्हणून पहिल्या २० मिनिटांत वाढ दिसली नाही तर आणखी तेवढाच वेळ आलेख घेतात. ‘काहीतरी गोड खाऊन या’ हा सल्ला सर्रास दिला जातो. गोडामुळे आलेख सुधारतो असे चाचण्यांत दिसलेले नाही. मधुमेही स्त्रीला तर तो देऊच नये.

ह्या तपासणीचे दोन्ही निकाल सारख्या वजनाचे नसतात, हे चिंतेच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. आलेख चांगला असेल तर पुढच्या आठवड्यात बाळ पोटात दगावण्याचे प्रमाण हजारी दोनच्या आसपास असते, म्हणजे दिलासा बराच भरवशाचा असतो. उलट, चांगला नसलेल्या आलेखांपैकी निम्म्याहून अधिक वेळा बाळ सुखरूप निघते. ते झोपलेले असते, दिवस कमी भरलेले असतात किंवा आईने घेतलेल्या औषधाचा परिणाम असतो. दर वेळी अशी शंका निघते, पुढची तपासणी सांगितली जाते आणि स्त्री त्या दोन तपासण्यांमध्ये लटकत राहते. एनएसटीने जोखमीच्या गरोदरपणातील बालमृत्यू कमी होतात काय, ह्यावरील सहा चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात (२,१०५ स्त्रिया) तसा स्पष्ट फरक आढळला नाही. बाळंतपणाच्या वेळच्या अखंड आलेखनाने नवजाताचे झटके निम्म्यावर येतात. परंतु सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारे अपंगत्व) व मृत्यू ह्यांच्या प्रमाणात फरक पडत नाही, आणि सिझर वाढतात.

नाळेच्या रक्तप्रवाहाची डॉपलर तपासणी (ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग पाहणे) १९७७ पासूनची. जोखमीच्या गरोदरपणात तिचा पुरावा अधिक चांगला आहे: दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या एकत्रित चाचण्यांत जन्माच्या आगेमागे होणारे मृत्यू सुमारे २९ टक्क्यांनी कमी झालेले दिसतात. म्हणून निव्वळ एनएसटीच्या फेऱ्या वाढवण्यापेक्षा वेळेवर केलेली डॉपलर श्रेयस्कर, ह्या मताकडे तज्ज्ञांचा कल आहे.

सोनोग्राफीतील वजनाच्या अंदाजात १० ते १५ टक्के चूक गृहीत धरावी लागते. त्यात वाढीचे तक्ते कोणत्या समाजातील बाळांवर बेतले आहेत हा प्रश्न आहेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी १९९३ पासून जवळपासच्या सहा खेड्यांत केलेल्या माता-पोषण अभ्यासात बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलोग्रॅमच्या घरात होते. परदेशी तक्त्याने मोजल्यास आपल्याकडची पुष्कळ निरोगी बाळे लहान ठरतात. ‘वाढ कमी आहे’ हा शेरा ऐकून घरी गेलेल्या आईला हे कोणी सांगितलेले नसते.

पुण्यातील व्यवहार

ससून, केईएम, कमला नेहरू, औंधचे जिल्हा रुग्णालय, पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि असंख्य खासगी प्रसूतिगृहे ह्यांत ह्या तपासण्या होतात. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात (२०१६) दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणी होते व जोखमीच्या स्त्रीच्या कार्डावर लाल स्टिकर लावतात. खासगी दवाखान्यात त्याच अर्थाने फाइलवर ‘हाय रिस्क’ लिहितात. मूल होण्यासाठी उपचार घेऊन बऱ्याच वर्षांनी दिवस गेलेले असतील तर ‘प्रेशस’ (मोलाचे) हा शब्द वापरतात. तो मायेने लिहिलेला असला, तरी तो वाचणाऱ्या स्त्रीवर त्याचे ओझे पडते.

एनएसटीची खोली बहुधा लहान असते. स्त्री डाव्या कुशीला किंचित कलून पडलेली असते, पोटावर दोन पट्टे. एकात जेली लावलेली चकती बाळाच्या पाठीच्या बाजूला टेकवतात, ती ठोके टिपते. दुसऱ्यातील कोरडी चकती वरच्या बाजूला, पोटाचा ताठरपणा मोजण्यासाठी. हातात बटण दिलेले असते, बाळ हलले की दाबायचे. बाळ फिरले की ते चकतीखालून निसटते आणि आवाज बंद होतो, किंवा आईच्याच नाडीचा संथ ठोका ऐकू येऊ लागतो. सिस्टरच्या दृष्टीने ही रोजची गोष्ट असते. ती न बोलता चकती सरकवत राहते. कॉटवरच्या स्त्रीसाठी मात्र तेवढ्या वेळात बाळाचे हृदय थांबलेले असते. “ठोके गेले नाहीत ताई, बाळ सरकलंय, मी शोधतेय,” एवढे एक वाक्य येथे पुरते, आणि ते बोलणे हा तपासणीचाच भाग मानला पाहिजे. कागदाचा वेगही यंत्रागणिक मिनिटाला १ किंवा ३ सेंटिमीटर असतो. त्यामुळे तोच आलेख एकीकडे दाट व दातेरी, तर दुसरीकडे ताणलेला दिसतो. मोबाइलवर दुसऱ्या कोणाच्या आलेखाशी आपला आलेख ताडून पाहण्यात म्हणूनच अर्थ नसतो.

पुण्यात सोनोग्राफी पुष्कळदा वेगळ्या केंद्रात होते आणि डॉक्टर संध्याकाळच्या ओपीडीत भेटतात. मधल्या वेळात रिपोर्ट स्त्रीच्याच हातात असतो. ‘ब्रेन स्पेअरिंग’ (रक्त कमी पडल्याने ते मेंदूकडे जास्त वळणे), ‘लिकर कमी’ (गर्भजल कमी), ‘गळ्याभोवती नाळेचा एक वेढा’ हे शब्द ती रिक्षात बसून वाचते, फोटो माहेरी व सासरी जातो आणि डॉक्टरांच्या आधी दहा जणांचे सल्ले येतात. नाळेचा एक वेढा हा फार सामान्य प्रकार असून त्यामुळे सहसा काही बिघडत नाही. ‘ब्रेन स्पेअरिंग’ मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवण्याची बाब आहे. रिपोर्ट देतानाच कोणत्या शेऱ्यासाठी आज जायचे आणि कोणता उद्यावर टाकता येतो, हे केंद्राने तोंडी सांगावे. लिंगनिदानबंदी कायद्यामुळे (१९९४) सोनोग्राफीच्या खोलीत बोलणे मोजके असते. कायद्याने बंदी आहे ती बाळाचे लिंग सांगण्यावर. ठोके, वाढ व पाणी ह्यांविषयी बोलण्यास त्याची आडकाठी नाही.

चिंतेविषयी

निरनिराळ्या देशांतील अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार (२०१७) तिसऱ्या तिमाहीत सुमारे २५ टक्के स्त्रिया चिंतेची लक्षणे सांगतात. जोखमीच्या गरोदरपणात हे प्रमाण वाढते, ह्यावर सर्वसाधारण एकमत आहे. निरीक्षणाने चिंता वाढते की घटते, ह्यावर मात्र मतभेद आहेत. मोनिका स्टार्कमन ह्यांच्या १९७६ च्या लहान अभ्यासात काही स्त्रियांना यंत्राचा आधार वाटला, तर काहींना अडचण व भीती. आधीचे बाळ गमावलेल्या स्त्रियांना ठोके ऐकून बरे वाटते खरे, पण तो दिलासा दोन-तीन दिवसांतच ओसरतो. आधीचे बाळ ज्या आठवड्यात गेले तो आठवडा जवळ येतो तसे त्यांचे हाल वाढतात. अशा स्त्रीला ताटकळत न ठेवता आल्याआल्या ठोके ऐकवावेत, बाकीचे कागद नंतर भरावेत.

‘आई घाबरली की बाळ घाबरतं’ हे वाक्य पुण्यातील घराघरांत व गर्भसंस्काराच्या वर्गांतही ऐकू येते. दीर्घकाळच्या तीव्र ताणाचा गरोदरपणावर परिणाम होऊ शकतो. पण एका दुपारी घाबरल्याने बाळाचे नुकसान होत नाही. ह्या वाक्यामुळे चिंतेवर अपराधीपणाची भर पडते आणि स्त्री आपली भीती डॉक्टरांपासूनही लपवते. तपासणी चालू असताना मंद संगीत लावल्यास चिंता मोजणाऱ्या प्रश्नावलीतील गुण घटतात असे काही लहान चाचण्यांत आढळले आहे.

हालचालींच्या मोजणीबाबत आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत सकाळ, दुपार, संध्याकाळ जेवणानंतर एकेक तास मोजण्याची पद्धत आहे. वेल्समधील कार्डिफची ‘दहापर्यंत मोजा’ ही पद्धत १९७६ ची. १९८९ मधील ६८,००० स्त्रियांच्या चाचणीत अशा मोजणीने पोटातील मृत्यू कमी झाले नाहीत. ब्रिटन व आयर्लंडमधील चार लाखांहून अधिक गरोदरपणांच्या चाचणीतही (२०१८) हालचालींबाबत जागरूकतेच्या कार्यक्रमाने तसा निश्चित फरक पडला नाही; सिझर व कृत्रिम कळा मात्र वाढल्या. वहीत आकडे मांडण्यापेक्षा आपल्या बाळाची रोजची लकब ओळखणे बरे, असे आता बहुतेक तज्ज्ञ मानतात. हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जावे. कालच एनएसटी चांगला आला होता म्हणून थांबू नये. वायफळ घाबरून आल्याबद्दल तेथे कोणी बोलत असेल तर चूक बोलणाऱ्याची आहे.

घरी ठोके ऐकण्याची छोटी डॉपलर यंत्रे आता सहज मिळतात. त्यांत आईची नाडी किंवा वारेतील प्रवाहाचा आवाज हाच बाळाचा ठोका वाटू शकतो. हालचाल कमी असूनही अशा यंत्रावर विसंबून राहिल्याने उशीर झाल्याचे आणि बाळ दगावल्याचे उदाहरण ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २००९ मध्ये नोंदले आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये ह्या घरगुती वापराविरुद्ध इशारा दिला.

भोर, मुळशी, जुन्नरच्या डोंगराळ भागांतील स्त्रीला चांगल्या डॉपलरसाठी बहुधा तालुक्याच्या गावी वा पुण्यात यावे लागते. तेथे आशाताई हाच पहिला आधार असतो. मानसिक त्रासासाठी टेलि-मानसच्या १४४१६ ह्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

सोबतीचा प्रश्न

बाळंतपणाच्या वेळी स्त्रीसोबत एक जवळची व्यक्ती असू द्यावी असे केंद्र सरकारने २०१६ मध्ये ठरवले, आणि लेबर रूम सुधारण्याच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात (२०१७) त्याचा पुनरुच्चार झाला. एनएसटीची खोली त्यात येत नाही. सासू, आई किंवा नवरा बाहेर बाकावर थांबतात. एकाच खोलीत तीन-तीन स्त्रिया तपासल्या जातात तेथे जागेची व इतर स्त्रियांच्या आडोशाची अडचण खरी आहे. ज्या स्त्रीचे आधीचे मूल पोटात दगावले आहे, तिच्यासोबत मात्र कोणाला तरी आत येऊ द्यावे. त्यासाठी एक पडदा आणि एक स्टूल लागते.